बर्फाची आवड नक्की कुणाला?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला ८६ टक्क्यांनी पास झाली. तिला ध्रुवीय हवामानाची शास्त्रज्ञ करायचं आहे. नववीत तिने आर्क्टिकमधल्या भारतीय केंद्रावर प्रोजेक्ट केलं होतं, तेव्हापासून आमचं ठरलं आहे. हे क्षेत्र आंतरराष्ट्रीय सहकार्याचं, म्हणून पदवीपासूनच परदेशात हवं, असं एका कन्सल्टन्सीवाल्यांनी सांगितलं. नॉर्वेत शिक्षण फुकट आहे, पण बाकी सगळं धरून ३५ लाख लागतील म्हणतात. बेसाचा प्लॉट विकायची तयारी आहे. कोणतं विद्यापीठ घ्यावं?
– एक पालक, मानेवाडा, नागपूर
(खाली वेगळ्या अक्षरात : मला गणित आवडतं. ते प्रोजेक्ट बाबांना खूप आवडलं होतं.)

उत्तर : नमस्कार. विद्यापीठाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातल्या एका क्रियापदावर मी अडलो आहे. ‘तिला शास्त्रज्ञ करायचं आहे.’ व्हायचं नाही, करायचं.

नीटला तिसऱ्यांदा बसवलेली पोरं माझ्याकडे दर आठवड्याला येतात आणि त्यांच्या आईवडिलांना मी चार शब्द सुनावतो. तुम्ही स्वतःला त्या रांगेत धरत नसाल. डॉक्टर-इंजिनिअर सोडून मुलीला थेट ध्रुवावर पाठवणारा बाप, असा तुमचा थोडा अभिमानही पत्रात दिसतो. पण आडवाटेचा हट्टसुद्धा हट्टच असतो. उलट त्यातून सुटणं कठीण. ‘बाबा किती मोकळ्या मनाचे’ असं सगळे नातेवाईक म्हणत असताना पोरीने नाही म्हणायचं कसं? तिने ते तुमच्याच पत्राच्या तळाशी दोन ओळींत म्हटलं आहे. पाठवण्याआधी तुम्ही त्या वाचल्या होत्या का?

आता कन्सल्टन्सीचं. नॉर्वेत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ पासून सरकारी विद्यापीठांतही फी आहे. जो माणूस ‘फुकट’ म्हणतो त्याने एक तर त्यानंतर काही वाचलेलं नाही, किंवा तुम्ही वाचणार नाही हे त्याला ठाऊक आहे.

‘आंतरराष्ट्रीय म्हणजे परदेशातून’ हा त्याहून मोठा गैरसमज. ध्रुवावर कुणी एकटा सुटा माणूस म्हणून जात नाही, आपल्या देशाच्या संस्थेमार्फत जातो. तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टमधलं ‘हिमाद्री’ केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून आहे. छोटंसं गाव, पण तिथे नॉर्वे, जर्मनी, चीन, जपान, कोरिया असे कितीतरी देश शेजारी-शेजारी काम करतात. आपल्या माणसांना तिथे पाठवतं ते गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकावरचं ‘मैत्री’ १९८९ चं, ‘भारती’ २०१२ चं, आणि दोन्हींचा कारभार वास्कोतूनच चालतो. या मोहिमांत हवामान खात्याचे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक असतात. या दोन्ही खात्यांची प्रादेशिक कार्यालयं आपल्या नागपुरात आहेत. देशातल्या विद्यापीठांतले संशोधकही प्रस्ताव देऊन जातात. म्हणजे भारतीय मुलीसाठी ध्रुवाची सरळ वाट गोव्यावरून जाते, ऑस्लोवरून नव्हे. पुढे पीएचडीला किंवा त्यानंतर परदेशी जायचं तर जरूर जावं, तेव्हा बहुतेकदा शिष्यवृत्ती किंवा पगार असतो आणि प्लॉट जागेवर राहतो.

शिवाय या सहकार्याला राजकारणाचा वारा लागतो, हे कुठलाच एजंट सांगणार नाही. आर्क्टिक किनाऱ्याचा जवळपास अर्धा भाग रशियाचा. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि आर्क्टिक परिषदेतल्या (आर्क्टिकमधल्या आठ देशांचा गट) बाकी सात देशांनी रशियाबरोबरचं काम थांबवलं. सायबेरियातली गोठलेली जमीन किती वितळते आहे या माहितीची वर्षानुवर्षं चाललेली देवाणघेवाण विस्कटली. चांगल्या मुरलेल्या शास्त्रज्ञांची ही गत, तर अठरा वर्षांच्या पोरीच्या नावावर घराची सगळी पुंजी लावताना दहादा विचार करा.

आता तिच्या गणिताकडे येतो, कारण मला पत्रात खरा रस तिथेच वाटला. ध्रुवाचा अभ्यास म्हणजे जाड कोट घालून बर्फ खणणं, हे फोटोतलं चित्र. बहुतेक काम खुर्चीवर बसून होतं : समीकरणं, संख्याशास्त्र, कोडिंग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पृथ्वीच्या हवामानाचं जे गणिती प्रारूप उभारलं, त्याचे निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालासाठी झालेल्या जागतिक प्रकल्पात गेले. ती माणसं पुण्यातल्या पाषाणला बसून काम करतात. आणि गणित शिकून तिला हवामानाकडे वळायचंच नसेल, तर तेही चालेल. तुम्हाला चालेल का, ते विचारा स्वतःला.

वाटा ओळखीच्या आहेत : आयसर (केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), भारतीय सांख्यिकी संस्था, नाहीतर इथल्याच शासकीय विज्ञान संस्थेतून बीएस्सी आणि मग एमएस्सीच्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा. यातलं काही यंदा हुकलं तरी आभाळ कोसळत नाही.

आता थोडं मुलीशी. बेटा, अंटार्क्टिक कराराचं तिसरं कलम सांगतं की तिथली निरीक्षणं सगळ्यांना खुली असावीत. आर्क्टिकसाठी असा एकच सर्वव्यापी करार नाही, तरी समुद्री बर्फाचे उपग्रहाने मोजलेले १९७९ पासूनचे आकडे इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळतात (हे खरोखरचं फुकट). दर सप्टेंबरचा आकडा घे आणि आलेख काढ. २०१२ ला रेषा एकदम खाली जाते, आतापर्यंतचा नीचांक. त्यानंतर ती तशीच सरळ घसरत का गेली नाही, हा प्रश्न तुला जेवताना आठवला तर समज की विषय तुझा आहे. नाही आठवला तर नववीतलं ते प्रोजेक्ट छान झालं होतं, एवढंच.

आलेख घेऊन शनिवारी ऑफिसला ये. बाबा सोडायला येतीलच, खाली टपरीवर तर्री पोहे चांगले मिळतात. तासभर त्यांना तिथेच बसू दे.