ऑपरेशन करू का विचारताय, तर आधी रस्त्याचं बोलू

गेल्या अंकात याच पानावर सहज लिहून गेले की माझं बायपास झालंय, हृदयाचं नव्हे, वजन उतरवायचं पोटाचं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की नेहमीचे सासू-सुनेचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत. मी डॉक्टर नाही, रत्नागिरीत राहणारी, ऑपरेशन करून घेतलेली एक बाई आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : ताई, मी देवगडची, वय ३४, उंची ५ फूट २ इंच, वजन ९८ किलो. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत तरी तीन महिन्यांची शुगर नऊच्या खाली येत नाही, गुडघे दुखतात, रात्री घोरते इतकी की पोरं हसतात. डाएट झालं, चालणं झालं, आठ किलो उतरतात नि दहा चढतात. मुंबईला भावाने एका डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, करून टाका. मला छातीत जळजळीचा जुना त्रास आहे, ते काही बोलणं झालं नाही. सासू म्हणते, "कापून घेवन कोण बारीक होता काय गो? खाणा कमी कर, आणि चार पावला चल." नवरा गप्प आहे, म्हणजे पैशाचं टेन्शन. तुम्ही कसं ठरवलंत? नंतर मासे खाता येतात का? केस जातात म्हणे, खरं का? आणि आता ती वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत, त्याने नाही का होणार?

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचून पहिलं मनात आलं ते हे की तू ऑपरेशनचं सगळं विचारतेयस, पण देवगडहून दर वेळी तपासणीला जाणार कशी हे कुठेच लिहिलं नाहीस. मी त्यावरूनच ठरवलं. मुंबईत एक जागा बघितली होती, चकाचक, आत गेल्या गेल्या पॅकेजचा कागद हातात, या आठवड्यात बुक केलंत तर इतके कमी, आणि मी विचारलं की नंतर मला रात्री पोटात दुखलं तर फोन कोण उचलणार, तर त्या मुलीने कॉल सेंटरचा नंबर दिला. मग मी कोल्हापूर धरलं. तिथे सर्जनच्या टीममधल्या डाएटिशियन बाई स्वतः फोन उचलतात आणि आंबा घाट उतरला की मी घरी. माझ्या बहिणीला अजून वाटतं मुंबई ती मुंबई, पण बिघडलं तर तीन तासांत पोचता येणं मला जास्त मोलाचं वाटलं. तुला कोल्हापूर, गोवा, मुंबई तिन्ही बघता येतील. ऑपरेशननंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दर वर्षी जावं लागतं, आयुष्यभर. कणकवलीला जाऊन गाडी पकडायची, रात्र मोडायची, हे सगळं नवऱ्याला घेऊन बसून कागदावर मांड. आणि एक सांगते, मे-जूनमध्ये करून घेऊ नकोस. पहिल्या काही आठवड्यांतच धोका जास्त असतो आणि तेव्हाच नेमकी घाटात दरड आली, रेल्वे पावसाळी टाइमटेबलवर अडकली तर काय करशील? मी दिवाळीनंतर केलं.

आता स्लीव्हचं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात, उरतं ते केळ्यासारखं लांबुळकं, आणि जो भाग जातो तिथेच भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त बनतं म्हणून भूकही कमी होते. काढलेलं परत लावता येत नाही. बायपासमध्ये वरच्या बाजूला साधारण तीस मिलीचं, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढं छोटं जठर वेगळं करतात आणि ते थेट खालच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे खाणंही कमी जातं आणि अंगी लागणंही. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, ज्यांना आधीपासून आहे त्यांना तर जास्तच, म्हणून तू त्या डॉक्टरांना परत फोन कर आणि हे आधी सांग. दुर्बीण घालून एंडोस्कोपी करून घे, हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलाय का, ते बघतील. मलाही अ‍ॅसिडिटी आणि शुगर दोन्ही होती म्हणून बायपास सुचवलं. तुझं काय ते सर्जन ठरवतील, पण ज्या डॉक्टरांनी जळजळीचं विचारलंच नाही त्यांच्या एका वाक्यावर पोट कापून घेऊ नकोस, दुसरं मत घे. घोरण्याचंही सांग, पोरं हसली तरी ते हसण्यावारी नेऊ नकोस, झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळायला हवं, त्याची झोपेची टेस्ट असते.

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, मी काढला, चाळीसच्या जरासा खाली येतो. ऑपरेशनसाठी पूर्वी चाळीस, किंवा पस्तीस आणि सोबत आजार, असा जुना १९९१ चा अमेरिकन नियम होता. २०२२ मध्ये जगातल्या दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला, आता पस्तीसच्या वर असेल तर आजार नसला तरी विचार करा म्हणतात, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी आकडा अजून खाली, साडेसत्तावीस धरतात, कारण आपल्याकडे पोटावरची चरबी कमी वजनातही शुगर आणते. सासूबाईंना हे सांगून उपयोग नाही म्हणा. त्यांना एवढंच सांग की खाणं कमी करून बघितलं, वजन परत चढलं, यात तुझा आळस नाही, वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं.

पैशाचं. खासगीत अडीच-तीन लाखांपासून पुढे, शहर आणि हॉस्पिटल बघून वाढत जातं. घरात मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून वाच. विमा नियामकाच्या नियमानुसार लठ्ठपणाची सर्जरी सरसकट नाकारायची नसते, अटी आहेत : वय १८ च्या वर, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय चाळीस किंवा जास्त, नाहीतर पस्तीस आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेतला श्वासाचा गंभीर त्रास किंवा औषधांनीही ताब्यात न येणारी शुगर. आधी साधे उपाय करून झालेत हेही दाखवावं लागतं. म्हणून डाएटिशियनच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट, गोळ्यांची प्रिस्क्रिप्शनं टाकू नकोस, तेच कागद कामी येतात. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी काढल्यावर किती काळ थांबावं लागतं, ते विचारून घे. आणि ऑपरेशनच्या पैशांत पुढच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, रक्ततपासण्या धरलेल्या नसतात, तो खर्च दर महिन्याचा, कायमचा, नवऱ्याला आधीच सांग.

प्रत्यक्ष ऑपरेशनचं विशेष काही सांगण्यासारखं नाही गं, झोपवतात, दुर्बिणीने करतात, पोटावर चार-पाच बारीक भोकं. त्याच्या आधीचे दोन आठवडे मात्र जड गेले, लिव्हर लहान व्हावं म्हणून प्रोटीन शेक, सूप, ताक, एवढ्यावर ठेवतात आणि घरात तेव्हाच बांगड्याचं तिखलं शिजत होतं. उठल्यावर त्याच संध्याकाळी चालवलं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, पायात ते घट्ट मोजे, पोटात इंजेक्शनं, आणि फुप्फुसांच्या व्यायामाची ती तीन प्लास्टिकच्या चेंडूंची वस्तू हातात देऊन श्वास ओढा म्हणतात, तो चेंडू वर जाईना म्हणून मला रडू आलं होतं. घरी आल्यावर ताप, नाडी जोरात, पोटात वाढतं दुखणं, डाव्या खांद्यात कळ, यातलं काही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. पोटातला आतला टाका गळणं फार क्वचित होतं, जीव जाण्याचा धोका साधारण हजारात एक धरतात, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास, पण शून्य नाही. डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स देवगडच्या तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेव. मी ठेवली होती, त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग नीट वाचलं.

खाण्याचं विचारलंस ना, इथे मी बोलतच राहीन. आधी नुसतं पाणी-पाणी, मग पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं. आपल्याकडे पेज आहे म्हणून सगळे म्हणाले तुझं काय अवघड, पण पेजेत प्रोटीन कुठे असतं? रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रोटीन लागतं. तिथे कुळीथ कामाला आला, कुळथाचं कढण गाळून, बिनमिरचीचं. मासे चालतात, उलट मासेच तारतात. ओला बोंबील, वाफवलेला किंवा पातळ आमटीतला, एवढं मऊ दुसरं काही नाही. काटा मात्र बघून. तळलेलं नको, तिसऱ्या-कालवं उशिरा. मला सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला असेल तर भाताने, दोन घास नीट चावले नाहीत की छातीत गोळा बसायचा. आधी मासा नाहीतर अंडं, मग भाजी, जागा उरली तर भात, हा क्रम आता सवयीचा झालाय. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, म्हणजे सोलकढीसुद्धा जेवणाबरोबर नाही, हे मला खरंच लागलं. आणि आमरस! बायपासनंतर साखर झर्रकन आतड्यात उतरते, घाम, धडधड, चक्कर, त्याला डम्पिंग म्हणतात. मे महिन्यात एक वाटी रस घेतला आणि पंख्याखाली आडवी झाले. आता एक-दोन फोडी, जेवणानंतर थोड्या वेळाने. तू देवगडची, तुझ्यासाठी ही शिक्षाच आहे. गणपतीत मोदक अर्धा. लोक रागावतात, आग्रह करतात, मानपान काढतात, तू पानात घे आणि शेजारच्याला दे.

केस जातात, हो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, कंगव्यात गुंताच येतो, बहुतेकींचे परत येतात, प्रोटीन आणि लोह नीट घेतलं तर. कातडी लोंबते, ती पूर्ण परत येत नाही. शेजारच्या बायका विचारतात काय आजार झाला गो, याची तयारी ठेव. आणि तुझं वय बघून सांगते, ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत. वजन उतरायला लागलं की पाळी सुरळीत होते आणि दिवस राहायची शक्यता वाढते, नुसत्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, तांबीबद्दल डॉक्टरांशी बोल.

शुगरचं मला सगळ्यात नवल वाटलं, वजन फारसं उतरायच्या आधीच रिपोर्ट खाली यायला लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारून बदलायचा, स्वतः नाही. पण कायमची गेली असं समजू नकोस, काहींची परत येते, जितकी जुनी शुगर तितकं कठीण. इंजेक्शनांचं म्हणशील तर मौंजारो आणि वेगोव्ही दोन्ही २०२५ मध्ये आपल्याकडे आली, वजन उतरतं, पण बंद केली की बऱ्याच जणांचं परत चढतं आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो. शुगरच्या डॉक्टरांना विचारून आधी तेही बघायला काही हरकत नाही.

प्रश्न : मी चिपळूणचा, वय ४९, बायपासची तारीख घेतली आहे. शनिवारी मित्रांबरोबर दोन पेग आणि दिवसाला सात-आठ सिगारेटी एवढंच व्यसन. नंतर चालेल ना?

उत्तर : एवढंच म्हणताय! सिगारेट ऑपरेशनच्या निदान सहा आठवडे आधी बंद आणि नंतरही बंद, नाहीतर जोडलेल्या जागी अल्सर होतो. तंबाखू-मिश्रीने भागवू नका. दारू बायपासनंतर पटकन रक्तात जाते, पूर्वी दोनाने चढायची ती आता अर्ध्यात चढेल, उतरायलाही वेळ लागतो, आणि काही जणांना खाण्याची जागा बाटलीने घेतलेली बघितली आहे. पहिलं वर्ष तरी नाहीच. पुढे घेतलीत तर गाडी दुसऱ्याकडे द्या, आपल्या हायवेवर तर नक्कीच. अंगदुखीला मेडिकलमधून ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम आणून खायची सवय असेल तर तीही सोडा, अल्सरला तेही कारण आहे, पॅरासिटामॉल चालतं. हे सगळं सर्जनला खरं खरं सांगा, ते रागावले तर रागावू देत.

प्रश्न : ताई, मी मालवणहून लिहितेय. स्लीव्ह होऊन तीन वर्षं झाली, ३६ किलो उतरले होते, आता त्यातले ९ परत आलेत. लाज वाटते म्हणून डॉक्टरांकडे जात नाही. जेवण तर अजून दीड वाटीच आहे.

उत्तर : लाज कसली? दोन वर्षांनंतर थोडं वजन परत येणं बहुतेकांच्या बाबतीत होतं, डॉक्टर हे रोज बघतात. तुझं सगळं वजन परत आलेलं नाही, पाव भागच आलंय. दीड वाटी जेवण मी मान्य करते, पण मधल्या वेळचं लिही बघू एकदा : चहा किती, बिस्किटं, काजू, खाजा, फरसाण. हे सगळं मऊ होऊन खाली सरकतं, पोट भरल्याचं कळतच नाही, मासा-अंडं मात्र अडवून धरतं. आठवडाभर खरं लिहून काढ आणि तो कागद घेऊन जा. कधी जठर ताणलेलं असतं, कधी थायरॉईड असतं, कधी झोप नाही, कधी घरात काही चाललेलं असतं, ते तपासल्याशिवाय कळत नाही. आता औषधंही आहेत, आणि काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन करून स्लीव्हचं बायपास करतात, पण ते शेवटी.

जाणारच आहेस तर बी-१२, लोह, डी आणि कॅल्शियम तपासून घे, तीन वर्षांत गोळ्या सोडल्या असशील असा मला दाट संशय आहे. पायाला मुंग्या येत असतील तर उद्याच जा. आणि गोळ्या परत सुरू केल्यास की लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर ठेव, लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर घे, साखर न घालता.