पहिली जंगल-मोहिमेची कादंबरी लिहिताना

काँगोच्या जंगलातील मोहिमेवर आपण वैज्ञानिक थरारकादंबरी लिहायला घेतली आहे, हे वाचून आनंद झाला. सुरुवातीला विज्ञानातील एकच कल्पित गोष्ट निवडा आणि तिच्याभोवतीचे सारे खरे ठेवा. काँगोच्या पूर्वेकडील विरुंगा पर्वतरांगेतील न्यीरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा इतका पातळ असतो की १९७७ साली तो उतारावरून प्रचंड वेगाने वाहत आला आणि माणसांना पळायलाही वेळ मिळाला नाही. असे वास्तव हाताशी असताना राक्षस कशाला? पर्वतीय गोरिला मुख्यतः पाने, कोंब, देठ खातो, त्यामुळे त्याला नरभक्षक करायचे असेल तर पटेल असे कारण द्यावे लागेल.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे जमवलेली माहिती शास्त्रज्ञाच्या तोंडून भाषणासारखी ओतणे. माझ्या पहिल्या खर्ड्यात उपग्रहांवर सलग चार पाने होती. (ती अजून कपाटात आहेत.)

पावसाळ्यात एखादी सकाळ ठाण्याच्या येऊरला, परवानगी असलेल्या वाटेनेच, चाला आणि चष्म्यावर चढणारी वाफ, बुटात शिरलेला चिखल, ओलसर कागदावर अडखळणारे पेन हे सारे टिपून ठेवा. काँगो म्हणजे येऊर नव्हे, हे खरेच. शेवटच्या उलगड्याची चिंता पहिली तीस पाने झाल्यावर करू.