फोनवरची मुलाखत: बोला थोडं, पण नेमकं

प्रश्न : बी.कॉम. झाल्यापासून बार्शीत एका सीएंच्या ऑफिसात दोन वर्षं काम करतेय. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी गुरुवारी फोनवर मुलाखत आहे. मागच्या वेळी मी बोलतच सुटले, मध्येच फोन कट झाला आणि पगाराचं विचारल्यावर गडबडले. तयारी कशी करू? – एक वाचक

उत्तर : फोनवर समोरच्याची मान हललेली दिसत नाही. आपलं उत्तर पुरलं की नाही तेच कळत नाही, म्हणून माणूस बोलत राहतो. तुमचं उत्तर झाल्यावर पलीकडे शांतता पसरली, तर बहुतेक वेळा ते लिहून घेत असतात. ती शांतता भरायला जाऊ नका.

‘स्वतःबद्दल सांगा’ला मिनिटभर पुरे. शिक्षण एका वाक्यात, बाकी सगळं काम. ‘जीएसटीचं बघते’ हे मोघम झालं. किती क्लायंटचे रिटर्न भरता, टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोणत्या एन्ट्री करता, खरेदी जीएसटीआर-२बीशी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी) जुळवताना फरक आला तर काय करता, हे सांगा. तारखा हमखास विचारतात: दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ची (विक्रीचा तपशील) ११, ३बीची (कराचा गोषवारा) २०, टीडीएस (आधीच कापलेला कर) भरायची ७. हे सगळं एका कागदावर मुद्द्यांपुरतं लिहून बायोडेटाशेजारी ठेवा. पूर्ण वाक्यं लिहू नका. वाचून दाखवताय हे आवाजावरून लगेच कळतं.

पगाराचा आकडा आधीच काढून ठेवा, कारण कंपनी वर्षाचा सीटीसी (तुमच्यावरचा तिचा एकूण खर्च) बोलते आणि आपल्या डोक्यात हातात येणारी रक्कम असते. ३ लाख सीटीसी म्हणजे महिन्याला २५,००० हातात नव्हेत. बेसिक (मूळ पगार) निम्मा, म्हणजे १२,५०० धरला, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटी साधारण ६०० आणि तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० वजा होऊन २१,४००च्या आसपास उरतात. (महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,०००पर्यंतच्या पगारावर प्रोफेशनल टॅक्स नाही.) पुण्यातलं खोलीभाडं आणि मेस यांचा हिशेब या रकमेवर करा आणि मग सीटीसीचा आकडा सांगा. ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका.

फोनचं म्हणाल, तर घरात रेंज कुठे पक्की मिळते ते आदल्या दिवशी त्याच वेळेला मैत्रिणीला फोन लावून बघा. वायफाय असेल आणि हँडसेटमध्ये सोय असेल, तर वायफाय कॉलिंग सुरू करा. कॉल वेटिंग बंद ठेवा. अनोळखी नंबर अडवणारं सेटिंग किंवा अ‍ॅप असेल तर तेही, नाहीतर मुलाखतीचाच फोन अडेल. वायरचा इअरफोन चांगला, पण त्याचा माइक ओढणीला घासला की पलीकडे नुसती खरखर ऐकू जाते.

फोन कट झालाच, तर दोन मिनिटं थांबा. दोघांनी एकदम लावला की दोघांनाही बिझी लागतो. त्यांचा नाही आला तर आपण लावावा.

‘कधी जॉइन व्हाल?’ हेही विचारतीलच. सीए किती दिवसांत सोडतील याचा नीट अंदाज घेऊन ठेवा आणि पाळता येईल तीच तारीख सांगा.