सुराची लाज धरू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले ट्रॅक आधी साध्या स्पीकरवर आणि मग नीट हेडफोन लावून ऐकले. तिसऱ्या ट्रॅकमध्ये डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटलेल्या आवाजाच्या, थराखाली एक चाल आहे. पाच-सहा सुरांचीच आहे, पण ती अस्सल तुझी आहे, आणि तू ती गाडून टाकली आहेस. का, ते तूच लिहिलंस: चाल ऐकू आली तर लोक म्हणतील, यात प्रयोग कुठे आहे?

या प्रश्नासाठी मी तुला एकाच व्यक्तीच्या अल्बमांकडे पाठवणार आहे. तिचं नाव लॉरी स्पीगल. शिकागोत 1945 साली जन्मलेली ही संगीतकार मुळात गिटार, बँजो आणि ल्यूट वाजवणारी. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत तिने रचनेचं शिक्षण घेतलं, बुक्ला या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्यावर, हात बसवला आणि 1973 पासून न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये संगणकावर काम सुरू केलं. त्या काळी विद्यापीठांतल्या नव्या संगीतात ठाशीव लय, गोड स्वरसंगती, गुणगुणता येईल अशी चाल या गोष्टी मागासलेपणाच्या मानल्या जात. आणि ही बाई टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, खोलीभर पसरलेल्या संगणकासमोर बसून, आनंदी चाली रचत होती. तिचा पहिला अल्बम 'द एक्स्पांडिंग युनिव्हर्स' 1980 साली आला तो व्हरमाँटमधल्या फिलो या कंपनीकडून, जी मुख्यतः लोकसंगीताच्या तबकड्या काढायची. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. बँजो वाजवणाऱ्या हातांनीच ते संगीत केलं होतं.

त्यातला पहिला तुकडा, 'पॅचवर्क', आज रात्रीच ऐक. चार छोट्या स्वरावली, चार लयीचे नमुने, एवढंच भांडवल. मग एका स्वरावलीला दुसऱ्याची लय चढव, उलटी कर, लांबव, आखूड कर. बाखने फ्यूगमध्ये, म्हणजे एकच चाल अनेक आवाजांत फिरवणाऱ्या रचनेत, हेच केलं आणि तुझ्या तबल्याच्या गुरुजींनी तुला हेच शिकवलं. 'धा धा तिट धा धा तिन ना' हा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, घेतलास की पलट्यांमध्ये, म्हणजे त्याच्या विस्तारात, बाहेरचा एकही बोल आणायची मुभा नसते, आठवतं ना? त्या बंधनातूनच पलटा फुलतो. स्पीगलने 1981 साली एका निबंधात सुरावटींच्या नमुन्यांवर करता येणाऱ्या बारा क्रिया मांडल्या: पट्टी बदलणं, उलटवणं, फिरवून दुसऱ्या जागेपासून सुरू करणं, दोन थरांत थोडं अंतर पाडणं, ताणणं-आकसवणं, दोन नमुन्यांमधली वाट हळूहळू भरून काढणं, तीच वाट पुढे नेणं, तुकडे करणं, एखादा भाग बदलून दुसरा घालणं, एकावर एक ठेवणं, एकामागे एक लावणं आणि पुन्हा म्हणणं. यातल्या निम्म्याहून जास्त क्रिया तुझ्या बोटांना ठाऊक आहेत. तू मात्र लॅपटॉप उघडलास की त्या विसरतेस आणि प्लगिन, म्हणजे आवाजाची तयार जोड-सॉफ्टवेअरं, शोधायला लागतेस.

ती ज्या यंत्रणेवर काम करत होती तिचं नाव ग्रूव्ह. मॅक्स मॅथ्यूज आणि रिचर्ड मूर यांनी ती उभी केली होती. तिच्या रचनेत एक गोष्ट फार मोलाची आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. 1957 पासून मॅथ्यूजच्या प्रोग्रॅमांनी संगणकाकडून थेट ध्वनी काढून घेतला होता, पण संगणक संथ होते. आज आज्ञावली द्यायची, सगळं गणित होऊ द्यायचं आणि आपण काय रचलं ते नंतर ऐकायचं. वाजवणाऱ्या माणसाला ही शिक्षाच. ग्रूव्हमध्ये संगणकाने ध्वनी बनवायचाच नाही, असं ठरलं. ध्वनी ऑसिलेटर आणि फिल्टर, म्हणजे सूर निर्माण करणारी आणि तो गाळणारी विद्युत उपकरणं, बनवणार. संगणक फक्त त्यांना हाकणार: आत्ता सूर किती वर, आवाज किती मोठा, फिल्टर किती उघडा. एवढं काम त्याला त्या क्षणीच जमायचं. स्पीगल फोर्ट्रान या संगणकाच्या भाषेत रचनेचे नियम लिहायची आणि मग नॉब, जॉयस्टिक, कळा हातात घेऊन ते नियम वाजवायची. हाताच्या हालचालीसुद्धा यंत्रणेत साठत, मागाहून दुरुस्त करता येत.

म्हणजे बघ, कोणता सूर पुढे यावा हे नियमांवर सोडता येतं, पण किती वेगाने बदलायचं, कुठे दाट करायचं, कुठे विरळ, हे तिने हाताशी ठेवलं. त्याच अल्बमच्या 'ओल्ड वेव्ह'मध्ये सुरांची निवड शक्यतांच्या वजनांवर चालते आणि ती वजनं वेळेनुसार सरकत राहतात. ऐकताना यातलं गणित कुठेच टोचत नाही. तू विचारलं होतंस की संगणकाने सूर निवडले तर ती फसवणूक नाही का. नियम तू लिहिले असशील, त्यांचं फळ कानाने पारखलं असशील आणि नको ते फेकून दिलं असशील, तर ती रचना तुझीच. दुसऱ्याने बनवलेल्या यंत्राला 'काहीतरी गूढ करून दे' असं सांगून आलेलं जसंच्या तसं ठेवलंस, तर मात्र माझ्याकडे ऐकायला पाठवू नकोस. मला त्यात तू भेटणार नाहीस.

आता त्या पहिल्या अल्बमची शीर्षकरचना, 'द एक्स्पांडिंग युनिव्हर्स'. 1975 सालची, अठ्ठावीस मिनिटांची. तू आधी एकदा मधूनमधून पुढे सरकवत ऐकली आहेस आणि 'काही घडत नाही' असं कळवलंस. पुढे न सरकवता ऐक. सुरुवातीला नुसते लांब सूर आहेत असं वाटेल. मग लक्षात येईल की प्रत्येक सुराच्या पोटात हालचाल चालू आहे, एक सूर दुसऱ्यात कधी मिसळला ते कळलंच नाही, आणि तळाशी काहीतरी जमत चाललं आहे. स्पीगल याला संथ बदलाचं संगीत म्हणते. तिचं म्हणणं साधारण असं: अचानक धक्के, तोडफोड, झटके यांनी ऐकणाऱ्याचे कान बोथट होतात, तो स्वतःला मिटून घेतो, सातत्य आणि मार्दव असलं की तेच कान पुन्हा बारीकसारीक ऐकू लागतात. हे वाक्य तुझ्या टेबलासमोर लावून ठेव, असं मी एरवी कोणाच्याच वाक्याबद्दल म्हणत नाही.

आपल्याकडे विलंबित ख्यालाच्या बढतीत हा अनुभव नवा नाही. पंधरा मिनिटं गेली तरी गायक मध्य सप्तकातच असतो आणि कोणी घड्याळ बघत नाही, कारण प्रत्येक आवर्तनात गंधाराशी त्याचं नातं थोडं बदललेलं असतं. मी दोन्ही संगीतं एकच आहेत असं म्हणत नाही. स्पीगलच्या त्या रचनेत सम नाही, बंदिश नाही, आणि तिचा पाया पाश्चात्त्य स्वरसंगतीतच आहे. पण ते ऐकायला लागणारा धीर तुझ्या घरात लहानपणापासून आहे. तो वापर.

तिला खडबडीत आवाजांचं वावडं होतं, असा अर्थ मात्र काढू नकोस. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1619 सालच्या 'हार्मोनिसेस मुंडी' या ग्रंथात ग्रहांच्या कमी-जास्त होणाऱ्या गतींना सुरांचे पल्ले दिले होते. स्पीगलने ते संगणकावर प्रत्यक्ष वाजवलं. ऐकायला ते अजिबात गोड नाही. भोंग्यासारखे वर-खाली घसरणारे सूर, एकमेकांत गुंतलेले, प्रत्येक ग्रह आपल्या चालीने. विषयाने ते मागितलं होतं, म्हणून तिने ते दिलं. 1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यातल्या पृथ्वीच्या ध्वनींची सुरुवात याच तुकड्याने होते. आणि त्याच तबकडीवर, संगीताच्या भागात, आपल्या केसरबाई केरकर आहेत: गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, साडेतीन मिनिटांत भैरवीतलं 'जात कहाँ हो' गाणाऱ्या. व्हॉयेजर 1 ने 5 सप्टेंबरला उड्डाण केलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मला ही जोडी फार प्रिय आहे. केसरबाईंचा तो भरदार, आकारात उघडलेला आवाज आणि स्पीगलचे ते ग्रह एका बैठकीत ऐक. गोडवा म्हणजे तडजोड नाही आणि कर्कशपणा म्हणजे धाडस नाही, हे मला तुला पटवून द्यायची गरजच उरणार नाही.

दुसरा अल्बम 'अनसीन वर्ल्ड्स', 1991 सालचा. तोपर्यंत ग्रूव्ह बंद पडलं होतं. मग तिने स्वतःच वाद्य बनवलं: 'म्युझिक माउस', 1986 साली, मॅकिंटॉशसाठी, पुढे अमिगा आणि अटारीसाठीही. माउस आडवा-उभा सरकवला की सूर बदलतात, स्वरसमूह कोणता आणि आवाज एकाच दिशेने जातील की उलट, हे कळफलकावरून ठरतं. चुकीचा सूर लागतच नाही, त्यामुळे हाताचं सगळं लक्ष आकारावर आणि ओघावर राहतं. या अल्बममधली 'हरिकेन्स आय' ऐकशील तेव्हा पहिल्या अल्बमची प्रसन्नता शोधू नकोस. इथे अंधार जास्त आहे, जागा जास्त आहे. पहिला अल्बम मला अधिक जवळचा, पण वाद्य बदललं की विचार कसा बदलतो हे दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावरच कळतं.

या अल्बमचं नशीब वाईट. काढणारी कंपनी त्याच सुमारास बुडाली आणि तो फार थोड्या लोकांपर्यंत पोचला. तो पुन्हा नीट बाजारात आला 2019 साली. पहिला अल्बम 2012 मध्ये नव्याने निघाला तेव्हा त्यात त्याच काळातल्या तास-दीड तासाहून अधिक रचना जोडल्या गेल्या, त्यात 1974 ची 'ॲपलॅशियन ग्रोव्ह' आहे, आणि तुझ्यासाठी खास म्हणजे 'ड्रम्स'. तालाचे थर एकमेकांवर कसे सरकतात ते मोजत ऐक. तुला तबला येतो, इतरांपेक्षा तुला जास्त दिसेल. 2001 च्या 'ऑब्सोलिट सिस्टिम्स'बद्दल एवढंच सांगतो की तो बुक्लापासून अनेक कालबाह्य यंत्रांवरच्या रचनांचा संग्रह आहे. ती यंत्रं मागे पडली, रेकॉर्डिंग उरलं आहे.

म्हणूनच दर आठवड्याला एक ट्रॅक अपलोड करायची तुझी घाई मला पटत नाही. 1980, 1991, 2001 हे आकडे बघ. एवढी वर्षं थांब असं नाही म्हणत, तुझं वय आणि तुझा काळ वेगळा आहे. पण प्रत्येक ट्रॅकसाठी नवा आवाज, नवं प्लगिन, नवा मुखवटा शोधण्यापेक्षा एक वाद्य बांध. तुझ्याकडे प्युअर डेटा हे ध्वनीचं सॉफ्टवेअर आहे, ते फुकट आहे, आणि तुला थोडं कोडिंग येतं. नियम तीन-चारच ठेव. नॉब दोनच ठेव, एक दाटपणाचा आणि एक बदलाच्या वेगाचा. मग ते वाद्य रियाजाला घे, जसा कायदा घेतेस, तसं ठाय म्हणजे संथ लयीतून.

आणि तिसऱ्या ट्रॅकवरचं डिस्टॉर्शन काढ. रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा प्रतिध्वनी, तोही काढ. ती चाल उघडी ऐक आणि तिच्यावर त्या बारांपैकी फक्त तीन क्रिया कर, कोणत्या ते तू ठरव. लांबी निदान दहा मिनिटं होऊ दे आणि त्या दहा मिनिटांत एकही अचानक तोड नको. उघडी केल्यावर ती चाल कमकुवत निघाली तर तसं मोकळेपणाने लिही, आपण दुसरी घेऊ. पुढच्या वेळी एमपीथ्री नको, पूर्ण प्रोजेक्ट फाइल पाठव, म्हणजे तू हात कुठे फिरवलास तेही मला बघता येईल.

तुझा,
सर