स्ट्रीट ट्रायल्ससाठी सायकल कोणती?

प्रश्न : भाऊ, स्कॉटलंडचा सायकलपटू डॅनी मॅकअ‍ॅस्किलचे व्हिडिओ पाहून वेड लागलं. माझ्याकडं २६ इंची गिअरची साधी एमटीबी (माउंटन बाईक) आहे, ती चालते का २४ इंचीच घ्या लागते? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : चालते ना, काऊन नाही चालणार. स्ट्रीट ट्रायल्स, म्हंजे रस्त्यावरच्या ओट्या-भिंतींवर सायकलच्या उड्या मारणं, दोन्हीवर करतात, २४ वर गरकन फिरता येते, २६ ओट्यावर चढवाले बरी. पैसे पहिले ब्रेकवर टाक, मागचं चाक एका बोटानं जाम झालं पाहिजे, कारण मागच्या चाकावर उभं राहून उड्या मारताना ते जरासं जरी सरकलं तं तू सरळ पाठीवर. सीट पार खाली. गिअर हलका, पण चेन घसरत असन तं आधी बदल, नाहीतर दात जातीन, चाकीचे नाही, तुझे! बाभळीच्या काट्यांपायी ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं औषध) टाकून ठेव.

आधी जागेवर तोल धरणं शिक, दोन्ही ब्रेक दाबून, पेडल आडवे, अन् जो पाय आपोआप पुढं येते तोच कायम पुढं. मंग बनी हॉप, म्हंजे सायकलची दोन्ही चाकं उचलून उडी, मागच्या चाकावरच्या उड्या त्याच्याही नंतर. हेल्मेट अन् नडगीचे पॅड घेच, पेडल फिरून नडगीवर बसला ना, बापा...