वाचकांच्या शंका : एन्झाइममधली सायक्लोअ‍ॅडिशन, संगणकावर

शंका : एका पॉलिकेटाइड साखळीची (सजीवांत बनणारी कार्बनची लांब साखळी) दोन टोकं जुळून डील्स-आल्डर (सहा अणूंचं वलय जोडणारी सायक्लोअॅडिशन) होते, तिचा हिशेब मी बी३एलवायपी (ऊर्जा काढण्याची क्वांटम पद्धत) आणि ६-३१जी(डी) (बेसिस सेट, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणारा फलनांचा संच) वापरून केला. मुक्त ऊर्जेचा अडथळा (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा चढ) २८ किलोकॅलरी प्रति मोल आला. प्रयोगात मात्र एन्झाइम नसतानाही २५ अंशांना अर्धा पदार्थ पंचवीस मिनिटांत संपतो. चूक कुठे असेल?

उत्तर : आधी तफावत किती ते पाहू. वेग आणि अडथळा यांचं नातं सांगणाऱ्या आयरिंगच्या सूत्रात २५ मिनिटांची अर्धायु घातली की अडथळा २२ च्या आसपास येतो. २८ खरा असता तर अर्धायु चौदा महिन्यांची झाली असती. म्हणजे सहा किलोकॅलरींचा घोळ आहे, आणि तो बहुधा दोन ठिकाणी वाटला गेला आहे.

पहिलं, डिस्पर्शन, म्हणजे जवळ आलेल्या अणूंमधलं क्षीण आकर्षण. लांब साखळी संक्रमण अवस्थेत (अडथळ्याच्या माथ्यावरच्या रचनेत) घडी घालून बसते, तेव्हा तिचे भाग एकमेकांना ओढून धरतात. नुसत्या बी३एलवायपीला हे आकर्षण दिसतच नाही. सायक्लोअ‍ॅडिशनमध्ये बाहेर पडणारी ऊर्जाही ते कमी दाखवतं. त्याऐवजी एम०६-२एक्स किंवा ओमेगा-बी९७एक्स-डी या पद्धती घ्या. एम०६-२एक्स घेतलंत तर इंटिग्रेशन ग्रिड (संख्यात्मक हिशेबाची जाळी) अल्ट्राफाइन ठेवा, नाहीतर कमी वारंवारितेची कंपनं उगाच डळमळतात. भूमिती ६-३१+जी(डी) वर, अंतिम ऊर्जा त्याहून मोठ्या बेसिस सेटवर, आणि जमलं तर डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) या अधिक अचूक पद्धतीवर पडताळा.

दुसरं, कॉन्फॉर्मर, म्हणजे बंध फिरवून मिळणाऱ्या त्याच रेणूच्या वेगवेगळ्या घड्या. संक्रमण अवस्था एकदा सापडली की लोक तिथेच थांबतात. अभिकारकाचा सर्वांत खालचा कॉन्फॉर्मर हुकला तर अडथळा खोटाच कमी येतो. तुमचा जास्त आला आहे, तेव्हा संशय संक्रमण अवस्थेवर घ्या. तयार होणारे दोन्ही बंध २.२ अँगस्ट्रॉमच्या आसपास बांधून ठेवा आणि क्रेस्ट या कॉन्फॉर्मर शोधणाऱ्या प्रोग्रामने बाकीची साखळी मोकळी फिरवा. सहा किलोकॅलरींच्या आतले सगळे कॉन्फॉर्मर घेऊन प्रत्येकावरचं बंधन काढा आणि संक्रमण अवस्था पुन्हा शोधा. एंडो आणि एक्सो (दोन भाग एकमेकांसमोर येण्याच्या दोन तऱ्हा) वेगळे मोजा. शेवटी १०० प्रति सेंटीमीटरखालची कंपनं १०० वर आणून एन्ट्रॉपी काढा. १.९ किलोकॅलरींची प्रमाण-अवस्थेची (वायूच्या दाबावरून द्रावणाच्या संहतीवर येण्याची) दुरुस्ती इथे लावू नका. ती दोन रेणू एकत्र येतात तेव्हाची.

शंका : स्पिनोसिनसारख्या (जिवाणूंपासून मिळणारं कीटकनाशक) मोठ्या वलयातल्या अभिक्रियेची संक्रमण अवस्था मिळाली. पण आयआरसी (तिथून खाली उतरणारा मार्ग काढणारा हिशेब) चालवलं की ते [६+४] उत्पादनाकडे जातं (कंसातले आकडे म्हणजे दोन्ही भागांतून भाग घेणारे इलेक्ट्रॉन). हाती येणारा पदार्थ तर [४+२], म्हणजे डील्स-आल्डरचा, आहे. संक्रमण अवस्था चुकीची आहे का?

उत्तर : बहुतेक बरोबरच आहे, फक्त ती दुतोंडी आहे. भूमिती उघडा आणि तीन अंतरं मोजा. एक बंध २ अँगस्ट्रॉमच्या जवळ, जवळजवळ तयार झालेला दिसेल. उरलेली दोन अंतरं ३ च्या आसपास आणि एकमेकांना बरीच जवळची दिसतील. आखूड बंध दोन्ही उत्पादनांत समान असतो; लांबच्या दोघांपैकी कोण मिटतो यावर [४+२] की [६+४] हे ठरतं, आणि तो निकाल खिंड, म्हणजे संक्रमण अवस्था, ओलांडल्यावर लागतो. आयआरसी हा वेग नसलेला, सर्वांत उताराचा एकच मार्ग. त्याला फाटा दाखवता येत नाही.

म्हणून ट्रॅजेक्टरी, म्हणजे अणूंना वेग देऊन क्षणोक्षणी काढलेले मार्ग, चालवाव्या लागतात. संक्रमण अवस्थेपासून २९८ केल्विनला कंपनांचे नमुने घ्या (शून्यबिंदू ऊर्जेसकट), एक फेम्टोसेकंदाचं पाऊल ठेवा, दोन्ही दिशांना ५०० फेम्टोसेकंदांपर्यंत चाला. किती चालवायच्या? २०० पैकी ६० एका बाजूला गेल्या तर उत्तर ३० टक्के, त्यात अधिक-उणे ३. वीस ट्रॅजेक्टरींवरून गुणोत्तर सांगणं म्हणजे नाणं उडवून सांगणं.

तेवढ्यावर थांबू नका. [६+४] उत्पादन कोप पुनर्रचनेतून (रेणूतल्या रेणूत एक बंध तुटून दुसरा जुळतो) [४+२] मध्ये बदलू शकतं. त्याची संक्रमण अवस्था वेगळी शोधा. तिचा अडथळा कमी असेल तर हाती [४+२] च येणार, आणि तुमच्या दोन्ही निष्कर्षांत भांडण उरत नाही. स्पिनोसिन ए तयार करणाऱ्या एसपीएनएफ या एन्झाइमबाबत नेमकी हीच चर्चा झाली. २०११ मध्ये त्याचं काम प्रसिद्ध झालं तेव्हा वेगवाढ सुमारे ५०० पट नोंदली गेली. ऐकायला मोठी, पण ऊर्जेत ती जेमतेम ३.७ किलोकॅलरी. तुमच्या पद्धतीची चूकच तीन किलोकॅलरींची असेल, तर एन्झाइम काय करतं ते त्या आकड्यांतून सांगता येणार नाही.

शंका : एन्झाइमच्या सक्रिय जागेचं (जिथे अभिक्रिया होते त्या भागाचं) छोटं मॉडेल करताना अमिनो आम्लं कुठे कापावीत? आणि तीन काल्पनिक वारंवारिता (खऱ्या संक्रमण अवस्थेत अशी एकच असते) येतात, त्या चालतील का?

उत्तर : अल्फा कार्बनपाशी (अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनपाशी) कापा, तुटलेल्या टोकांना हायड्रोजन लावा आणि अल्फा कार्बन जागच्या जागी गोठवा. भोवतालासाठी विद्युतपारकता ४ घ्या. गोठवलेल्या अणूंमुळे ५० प्रति सेंटीमीटरखालच्या एकदोन खोट्या काल्पनिक वारंवारिता येतात, त्या सोडून द्या. खरी बहुधा ४०० ते ५५० च्या पट्ट्यात असते. तिचं अ‍ॅनिमेशन चालवा. बंध जुळताना दिसले पाहिजेत, एखादा मिथाइल गट गरगरताना नव्हे.

सर्वाधिक चुका हिस्टिडीन या अमिनो आम्लावर होतात. प्रोटॉन कोणत्या नायट्रोजनवर आहे ते स्फटिकरचनेत दिसत नाही, त्यामुळे तिन्ही शक्यता (एकावर, दुसऱ्यावर किंवा दोन्हींवर) मोजा. अडथळा उतरला तर तो हायड्रोजन बंधामुळे की रेणू आधीच घडी घालून बसल्यामुळे, हे पाहायला एन्झाइममधलीच घडी घेऊन, भोवतीची आम्लं काढून एकदा ऊर्जा काढा.

शंका : उत्पादनात सहा कार्बनांचं वलय आहे. डील्स-आल्डर गृहीत धरलं तर चालेल?

उत्तर : नाही. मॅक्रोफोमेट सिंथेजला डील्स-आल्डर करणारं एन्झाइम म्हटलं जायचं. २००५ मधल्या क्यूएम/एमएम हिशेबात (अभिक्रियेचा भाग क्वांटम पद्धतीने, उरलेलं एन्झाइम साध्या यांत्रिक सूत्रांनी) मायकेल आणि मग अल्डॉल (एकेक बंध जोडणाऱ्या अभिक्रिया) हा दोन टप्प्यांचा मार्ग बराच खाली निघाला. एनोलेट (ऋणभारित अभिकारक) आणि शेजारी धातूचा आयन असेल, तर दोन टप्प्यांचा मार्ग आधी मोजा.