वाचकांचे प्रश्न: टेलिकन्व्हर्टर घेऊ का?

प्रश्न: सर, माझ्याकडे कॅनन १५००डी आणि ५५-२५० लेन्स आहे. हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातो, पण फोटोत पक्षी बारीक येतात. २एक्स टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची, चित्र दुप्पट मोठं करणारी जोडभिंगं) लावला तर २५० मिमीचे ५०० होतील ना? मोठी लेन्स परवडत नाही. (बारामतीहून एक वाचक)

उत्तर: हिशोब बरोबर आहे तुमचा, पण कृपा करून पैसे घालू नका. कॅननचा स्वतःचा टेलिकन्व्हर्टर, ज्याला ते एक्स्टेंडर म्हणतात, तुमच्या लेन्सला बसतच नाही, त्याची पुढची काच बाहेर आलेली असते आणि ती लेन्सच्या मागच्या काचेवर आपटते, तो मोजक्या मोठ्या लेन्ससाठीच बनवलाय. दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला एखादा बसेल, पण मग पुढची अडचण सुरू होते. २एक्स दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/५.६ चं एफ/११ होतं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), सेन्सरवर उजेड येतो पाव, आणि १५००डी चा व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच चालतो. मग लेन्स नुसती पुढेमागे घरघरत राहते, व्ह्यूफाइंडर अंधारा आणि तोवर थवा उडून पार पलीकडे.

आणि भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, तुम्ही होडीत असता हे विसरू नका. तिथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, शटर १/१००० सेकंद तरी हवंच. सकाळी एफ/५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० वर जो फोटो निघतो त्यालाच एफ/११ ला १६०० लागतं, आणि या कॅमेऱ्यात १६०० ला पंखांवरची गुलाबी छटा दाणेदार व्हायला लागते. त्यापेक्षा सरळ क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलचा फोटो दुप्पट मोठा दिसेल इतका कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात, ८ बाय १२ ची प्रिंट आरामात निघते.

खरा फरक पडतो तो अंतराने. उजाडताच होडी काढा, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि मग लाखाची लेन्स असली तरी लांबचा पक्षी विरघळल्यासारखा येतो. नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा, होडी तिरकी आणि सावकाश जाऊ दे. पक्ष्यांनी माना वर करून एका दिशेला चालायला सुरुवात केली की तिथेच थांबायचं, थव्यात होडी घालायला अजिबात सांगू नका, चरणारे पक्षी उठवून मिळालेला फोटो मला तरी बघवत नाही. अगदीच जास्त लांबी हवी असेल तर पुण्यात १५०-६०० ची लेन्स भाड्याने मिळते, दोन-तीन दिवसांपुरती घ्या.

प्रश्न: मग टेलिकन्व्हर्टर कोणी घ्यायचाच नाही का? माझ्याकडे ३०० एफ/४ आहे. (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: तुम्ही बिनधास्त घ्या, पण १.४एक्स. एकच स्टॉप जातो, ४२० एफ/५.६ होतं, ऑटोफोकस किंचित मंदावतो पण चालतो. लेन्सचा जो काही दोष असेल तो कन्व्हर्टर मोठा करून दाखवतो, म्हणून मुळात धारदार असलेल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवरच तो शोभतो. अजून एक फायदा फार कोणी सांगत नाही, सगळ्यात जवळचं फोकसचं अंतर बदलत नाही. कॅननची ३०० एफ/४ आयएस असेल तर तोच दीड मीटर राहतो आणि चित्र १.४ पट मोठं, त्यामुळे पावसाळ्यात चतुर आणि फुलपाखरं न बुजवता मस्त मिळतात. मिररलेसवाल्यांना (आत आरसा नसलेला कॅमेरा) एफ/८ च्या पुढेही फोकस मिळतो, पण घ्यायच्या आधी आपली लेन्स कन्व्हर्टरच्या यादीत आहे का बघाच, कॅननच्या आरएफ १००-५०० ला एक्स्टेंडर लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही.

प्रश्न: चंद्रासाठी २एक्स चालेल का?

उत्तर: लेन्सला बसत असेल तर चालेल, तिथे उजेड भरपूर असतो. सेन्सरवर चंद्र साधारण फोकल लेंग्थच्या (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याच्या) ११० व्या भागाएवढा पडतो, म्हणजे ३०० ला पावणेतीन मिलिमीटर, ६०० ला साडेपाच. ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) दहापट मोठा करून हाताने फोकस, दोन सेकंदांचा टायमर. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपास काढा, विवरांच्या सावल्या लांब पडतात.